घरचे लेप लावूनही कुरळे केस पुन्हा राठ का होतात? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं सांगते. यातली तीन-चार जुळली तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

न्हायल्यावर पहिला तासभर केस छान वळलेले दिसतात, वाळले की पिंजारतात. टाळूजवळ तेलकट आणि टोकांना वाळलं गवत. दही, केळं, अंडं, जे लावाल त्या दिवशी मऊ, पण पुढच्या न्हाण्याला होते तसेच. केस ओले असतानासुद्धा हाताला खरखरीत लागतात. शॅम्पूला फेस धरत नाही. वेटोळी पूर्वीसारखी एकत्र बांधून येत नाहीत, एकेक केस सुटा पडतो. फणीच्या दातांत पांढरट चिकट मळ साठतो. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे गावी आठ-दहा दिवस राहून आलात की केस आपोआप सुधारतात आणि नाशकात परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तेच सुरू होतं.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे. वरच्या मजल्यावरच्या खोल्या मी कॉलेजच्या मुलींना राहायला देते. जून-जुलैत नव्या मुली येतात. कुणी कळवणची, कुणी इगतपुरीकडची, कुणी धुळ्याची. त्यांच्यात दोघी-तिघी तरी कुरळ्या केसांच्या असतातच, आणि दसऱ्याच्या सुमाराला माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन एकच वाक्य म्हणतात, "काकू, माझे केस असे नव्हते हो." माझ्या लेकीचे केसही कुरळे आहेत, त्यामुळे हा बिघाड मी गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा निस्तरत आले आहे.

इतक्या डोक्यांवर हात फिरवल्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे. बहुतेक वेळा या केसांना काही कमी पडलेलं नसतं, त्यांच्यावर काहीतरी साचलेलं असतं. पाण्यातला क्षार, साबणाची साय, जुनं तेल, मागच्या लेपाचा अंश. आपण त्या थरावर नवा लेप चढवतो, तो केसापर्यंत पोचतच नाही, आणि आपण म्हणतो की घरच्या उपायांत दम नाही. म्हणून पुढच्या तपासण्या फुकटापासून खर्चिकापर्यंत लावल्या आहेत, आणि त्यातल्या पहिल्या काही थर ओळखण्याच्या आणि उतरवण्याच्याच आहेत.

एक अट मात्र पाळा. एका वेळी एकच बदल करायचा आणि चार न्हाणी तरी थांबायचं. पाणी, शॅम्पू आणि लेप एकाच रविवारी बदलले तर सुधारलं कशाने ते कळत नाही आणि बिघडलं कशाने तेही कळत नाही. एक वही ठेवा. तारीख, काय लावलं, दुसऱ्या दिवशी केस कसे होते, एवढंच.

फणी आणि टॉवेल : खर्च काही नाही

कुरळे केस वाळल्यावर विंचरता का? तर आधी ते थांबवा. कुरळ्या केसांत दहा-वीस केस मिळून एक वेटोळं बनतं. कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवली की ते वेटोळं फुटतं आणि प्रत्येक केस आपापल्या दिशेला उभा राहतो. याला लोक कोरडेपणा समजतात. तो कोरडेपणा नसतो, नुसतं पिंजारणं असतं. गुंता काढायचा तो केसांना कंडिशनर लावलेलं असताना, पाणी निथळत असताना, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी. खालच्या टोकापासून सुरू करून वर जायचं.

टॉवेलचंही तसंच. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा जुना मऊ पंचा घ्या किंवा वापरून मऊ झालेला सुती टी-शर्ट. केस त्यात गोळा करून दाबायचे, घासायचे नाहीत. ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो, त्यावरचे माशाच्या खवल्यांसारखे बारीक पापुद्रे, म्हणजे खवले, घासण्याने उचकटतात.

आमच्याकडे आलेल्या मुलींपैकी काहींचा प्रश्न एवढ्यावरच मिटला. पाच पैसेही लागले नाहीत.

तेल किती, कधी आणि किती वेळ

आपल्याकडे केस कोरडे म्हटलं की आजी तेलाची वाटी घेऊन बसते. तिचं चुकत नाही, पण अर्धंच बरोबर आहे. सरळ केसांवर टाळूचं नैसर्गिक तेल सहज खाली ओघळतं. कुरळ्या केसांत ते वळणावळणावर अडतं, म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी अशी विभागणी होते. मग टाळूवर वरून आणखी तेल ओतून उपयोग काय? तेल लावायचं ते मधल्या भागापासून टोकांपर्यंत.

खोबरेल तेलाबद्दल एक गोष्ट नीट तपासली गेलेली आहे. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं की धुण्यात केसांमधलं प्रथिन झिजतं ते खोबरेल तेलाने कमी होतं, बाकीच्या दोघांनी होत नाही. खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात. याचा अर्थ तेल हे न्हाण्याच्या आधीचं संरक्षण आहे. न्हाण्यापूर्वी तास-दोन तास, फार तर रात्रभर लावायचं आणि मग धुऊन टाकायचं. सोमवारी तेल चोपडून घट्ट वेणी घालून रविवारपर्यंत तशीच ठेवली, तर सहा दिवसांची धूळ, धूर आणि घाम त्या तेलात कालवला जातो. कॉलेज रोडवरून रोज दुचाकीने जाणाऱ्या मुलीच्या केसांत काय होत असेल, ते पंचावर पुसून बघा. पंचा करडा होतो.

तेल म्हणजे पाणी नव्हे हेही लक्षात घ्या. कोरड्या केसांवर तेल लावलं की चकाकी येते, ओलावा येत नाही. आधी केस ओलसर हवेत.

डिसेंबर-जानेवारीत नाशकात खोबरेल बाटलीत गोठतं, कारण ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होऊ लागतं. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवायची. कढईत तापवू नका.

तुम्ही नक्की कशाने धुता?

हा प्रश्न मी मुलींना आडपडदा न ठेवता विचारते, कारण उत्तरात बहुतेकदा साबण निघतो. अंगाचा साबण, नाहीतर "काकू, मी तर शिकेकाईच वापरते" असं म्हणून दाखवलेली शिकेकाई साबणाची वडी. शिकेकाईची पूड वेगळी आणि शिकेकाई साबण वेगळा. पूड मुळात किंचित आम्लधर्मी असते, तिच्यातल्या फेस देणाऱ्या घटकांनी केस हळुवार स्वच्छ होतात. वडी हा शेवटी साबणच, त्याचा सामू, म्हणजे पीएच, ९-१०च्या आसपास असतो. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात. त्यावर जड पाणी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी, असेल तर साबण आणि पाण्यातला कॅल्शियम मिळून न विरघळणारी पांढरी साय बनते. बादलीच्या कडेला बसते तीच ही साय. ती केसांवरही बसते आणि तांब्याभर पाण्याने जात नाही.

तपासणी अशी. केस पूर्ण ओले करा, नेहमीचा शॅम्पू थोडा पाण्यात कालवून फक्त टाळूला लावा, धुवा, आणि पुन्हा तेवढाच लावा. पहिल्यांदा फेस आला नाही पण दुसऱ्यांदा भरपूर आला, तर थर तेलाचा होता. नियमित धुतलंत तर प्रश्न सुटला. दुसऱ्यांदाही फेस मरगळलेलाच राहिला, तर संशय पाण्यावर. मग पुढची तपासणी करा.

शिकेकाई-रिठा वापरायचाच असेल तर पूड उकळून, दोनदा गाळून, नुसतं पाणी वापरा. पूड तशीच लावली तर कुरळ्या केसांतून तिचे कण काढता काढता निम्मे केस हातात येतात. रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

पाणी : इथे थांबून नीट बघा

नाशकातल्या बहुतेक सोसायट्यांना दोन पाणी असतात. महापालिकेचं, जे मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, आणि बोअरचं. धरणाचं पाणी पावसाचं, त्यामुळे तुलनेने मऊ. बोअरचं पाणी आपल्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून झिरपत आलेलं असतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. ज्या खडकावर आपलं शहर बसलं आहे तोच तुमच्या बाथरूमच्या नळाला पांढरी खपली चढवतो.

आमच्या घरात याचा उलगडा योगायोगाने झाला. इगतपुरीकडची एक मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघींचे केस सारखेच कुरळे, शॅम्पू एकच. एकीचे केस नीट, दुसरीचे राठ. दोन महिने मी शॅम्पू, तेल, खाणंपिणं सगळं शोधलं. शेवटी कळलं की एक मुलगी सकाळी सहाला न्हाते, तेव्हा टाकीत पालिकेचं पाणी चढलेलं असतं. दुसरी कॉलेजातून आल्यावर संध्याकाळी न्हाते, तेव्हा नळाला बोअर असतो. वेळ बदलली आणि महिन्याभरात फरक दिसला. इतके दिवस मी त्या मुलीला मेथी-दह्याचे लेप लावायला लावत होते, याचं आजही वाईट वाटतं.

घरी तपासायचं असं. झाकणाच्या दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत आरओचं किंवा पावसाचं पाणी, दुसरीत न्हाणीघरातलं, दोन्हीत निम्मं निम्मं. अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच किस दोन्हीत टाका आणि जोरात हलवा. शॅम्पू किंवा कपड्यांची पावडर नको, कारण त्यांचा फेस जड पाण्यात जरा मरगळला तरी येतोच, फरक ठळक दिसत नाही. पहिल्या बाटलीत फेस उभा राहील. दुसरीत पाणी दुधाळ झालं आणि वर साय तरंगली तर पाणी जड आहे.

काही जणी टीडीएस मीटर आणतात. तो पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार मिळून मोजतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती ते सांगत नाही. अंदाजासाठी ठीक. नेमका आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना द्यावा आणि अहवालात 'एकूण काठिण्य' बघावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत. आमच्या बोअरचं २००च्या बरंच वर निघालं.

पाणी जड निघालं तर लगेच हजारोंचं यंत्र घेऊ नका. आधी हे करून बघा.

पालिकेचं पाणी येण्याच्या वेळेला दोन बादल्या भरून ठेवा आणि केस त्यावरच धुवा. तेवढं जमत नसेल तर निदान शेवटचे तीन-चार तांबे मऊ पाण्याचे घ्या. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी धरता येतं. पहिल्या सरी गच्ची धुऊन जाऊ द्यायच्या, नंतरचं धरायचं, तेही स्वच्छ पातेल्यात थेट.

साचलेला थर सैल करायला आंबट पाण्याचा हात उपयोगी पडतो. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, नाहीतर अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस. शॅम्पूनंतर केसांवर ओतायचं, दोन मिनिटं ठेवायचं, साध्या पाण्याने धुऊन मग कंडिशनर लावायचं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, जास्त नाही. आम्लाने क्षार थोडा विरघळतो आणि केसाचे उघडलेले खवले बसतात, म्हणून केस लगेच गुळगुळीत लागतो. लिंबाचा रस न मिसळता थेट लावू नका, आणि तो मानेवर-कपाळावर राहिलेला असताना उन्हात जाऊ नका. त्वचेवर काळे चट्टे पडतात. टाळूला जखम किंवा ओरखडे असतील तर हे करूच नका.

थर फार जुना असेल तर व्हिनेगर पुरत नाही. दुकानातला असा शॅम्पू घ्या ज्याच्या घटकांच्या यादीत सुरुवातीच्या भागात 'ईडीटीए' आहे. हा घटक कॅल्शियमला पकडून धुऊन नेतो. महिन्यातून एकदा पुरतो, रोज वापरला तर केस उलट कोरडे पडतील.

खाण्याचा सोडा मात्र केसांपासून लांब ठेवा. तो 'खोल सफाई' करतो म्हणून सुचवला जातो. पण तो अल्कधर्मी आहे, साबणासारखेच खवले उघडतो. सोड्याने धुऊन आलेल्या केसांना हात लावला की मला न विचारता कळतं.

कंडिशनर : दोन-तीन रुपयांची पुडी

घरगुती उपायांच्या लिखाणात हे सांगणं अनेकींना रुचत नाही, पण मला खरं तेच सांगायचं आहे. साधं स्वस्त कंडिशनर जे काम करतं ते दही-केळं करू शकत नाही. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधले घटक धन भाराचे असतात, म्हणून ते केसाला, विशेषतः जास्त झिजलेल्या टोकांना, चिकटून राहतात. स्वयंपाकघरातल्या कुठल्याही वाटीत हे नसतं. यादीत 'सेटिल अल्कोहोल' वाचून घाबरू नका, ते मेणासारखं मऊ करणारं द्रव्य आहे, केस कोरडे करणारं अल्कोहोल नव्हे.

बहुतेकींची चूक प्रमाणात आणि पद्धतीत असते. कुरळ्या केसांना सरळ केसांच्या दुप्पट लागतं. ते निथळत्या ओल्या केसांवर लावायचं, मधून टोकांकडे, मग ओंजळीत केस घेऊन दाबायचं. चिखलात पाय टाकल्यावर येतो तसा पचपच आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर पाणी कमी आहे, आणखी पाणी शिंपडा. तीन-चार मिनिटांनी धुवा. टाळूला लावायचं कारण नाही.

चार न्हाणी एवढंच करा. इथपर्यंत आलेल्या बहुतेक मुलींना पुढच्या लेपांची गरजच पडत नाही, हौस म्हणून करतात. ती हौसही चांगलीच आहे.

आता लेप : कोणते ठेवायचे, कोणते सोडायचे

माझी कसोटी एकच आहे. जो लेप साध्या पाण्याने पूर्ण निघून जातो तो चांगला. जो निघत नाही तो पुढच्या महिन्याचा बिघाड.

या कसोटीवर जवस पहिला. पाव किलो जवस शंभर रुपयांच्या आत येतं आणि महिने पुरतं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत ठेवायचं. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होतं, पळी उचलली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार धरते. तिथेच गॅस बंद. आणि गरम असतानाच गाळायचं. गार झाल्यावर ते गाळणीतून एक थेंब खाली येत नाही, मी एकदा अख्खं पातेलं फेकून दिलेलं आहे. गाळायला जुन्या ओढणीचा पातळ तुकडा किंवा स्वच्छ पायमोजा चालतो, चिमट्याने धरून पिळा, हात भाजेल.

हे जेल कंडिशनर धुतल्यानंतर ओल्या केसांवर लावून ठेवायचं, धुवायचं नाही. ओंजळीने केस वर दाबत दाबत लावा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर केस पापडासारखे कडक होतील. घाबरू नका. दोन थेंब तेल तळहातावर चोळून केस दाबले की कडकपणा मोडतो आणि वेटोळी तशीच राहतात. जवसातला बुळबुळीत पदार्थ केसांवर पातळ पापुद्रा धरतो, त्याने दहा-वीस केसांची जुडी एकत्र राहते. पांढरे कण दिसले तर जास्त लागलं किंवा खालचं कंडिशनर नीट धुतलं नव्हतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला, पाण्यासारखं पातळ झालं की टाकून द्या. बर्फाच्या साच्यात गोठवलं तर एकेक वडी काढून वापरता येते. भेंडीचा चिकही असाच निघतो, जरा कमी धरतो.

कोरफड अंगणातलीच घ्या, पण पान कापून अर्धा तास उभं ठेवा. पिवळा चिक गळून जाऊ द्या, त्याने खाज सुटते. आतला गर मिक्सरमधून काढून गाळा. गाळला नाही तर तंतू अडकतात.

मेथीदाणे रात्री भिजवून त्यांचं बुळबुळीत पाणी वापरायचं, वाटलेली मेथी नको. जास्वंदीची पानं चुरून गाळलेलं पाणीही छान. दही चालेल, नीट फेटलेलं, वीस मिनिटं, थंड पाण्याने धुतलेलं. दह्याच्या आम्लाने आणि स्निग्धांशाने तात्पुरता मऊपणा येतो. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

केळं सोडा. कितीही घोटलं तरी कण राहतात आणि कुरळ्या केसांत ते वाळून बसतात. एका मुलीच्या कॉलेजच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आम्ही दोघी दोन तास कण वेचत बसलो होतो, आणि त्यात तिचे बरेच केस तुटले. अंडंही सोडा. त्यातल्या प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात, ते वरच बसतात, आणि पाणी कढत लागलं की डोक्यावरच शिजू लागतात. तांदळाचं पाणी महिन्यातून एकदा ठीक, आठवड्याला तीनदा लावलं तर पिष्टाचा थर बसून केस काडीसारखे होतात. तसं झालं तर लेप बंद, एकदा स्वच्छ धुणं, नुसतं कंडिशनर.

ग्लिसरीनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते नाशकात काही महिने मित्र आणि काही महिने वैरी. ते हवेतला ओलावा ओढतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ओढायला ओलावाच नसतो, मग ते केसातलाच घेतं. भर पावसाळ्यात इतकं ओढतं की केस फुगून टोपलं होतं. हवा मध्यम असेल तेव्हाच, वाटीभर पाण्यात चार-पाच थेंब.

कुठलाही नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. घरचं आहे म्हणून त्वचा माफ करत नाही.

मऊ होतात पण वेटोळं धरत नाहीत

सगळं करूनही असं असेल तर केस आतून झिजला आहे का बघा. गळालेला एक ओला केस दोन्ही हातांत धरून हळू ताणा. थोडा ताणून परत आला तर ठीक. रबरासारखा लांबत जाऊन परत आलाच नाही किंवा लगेच तुटला, तर तो भाग ब्लीच, रंग, स्ट्रेटनिंग किंवा इस्त्रीने खराब झालेला आहे. तो कुठलाही लेप दुरुस्त करत नाही, कारण टाळूबाहेर आलेला केस जिवंत नसतो. टोकं कापा आणि नवे केस जपा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे धीर लागतो.

केस पाण्याच्या पेल्यात टाकून तो बुडतो की तरंगतो यावरून काही ठरवू नका. केसावरच्या तेलाने आणि हवेच्या बुडबुड्यांनीच निकाल फिरतो.

इथे हात थांबवा

पाण्याचं काठिण्य फार निघालं आणि घरातल्या सगळ्यांचेच केस-त्वचा त्रास देत असेल, तर प्लंबरला बोलवा आणि न्हाणीघराच्या लाइनवर मृदूकरण यंत्राचा, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा, अंदाज घ्या. नळाला अडकवायचे छोटे फिल्टर गाळ अडवतात, काठिण्य त्यांनी फारसं उतरत नाही. ज्यात रेझिन, म्हणजे क्षार पकडणारे बारीक मणी, असतं आणि अधूनमधून मीठ घालावं लागतं ते यंत्र खरं मृदूकरण करतं. सोसायटीची टाकी एकच असेल तर हा निर्णय मिटिंगमध्येच घ्यावा लागतो, एकटीने पाइप कापू नका.

वैतागून पार्लरमध्ये केस कायमचे गुळगुळीत करायला जाण्याआधी द्रावणात काय आहे ते विचारा. काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतं, डोळे आणि घसा चुरचुरतो. ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या द्रावणांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. बाटलीचं लेबल दाखवायला नकार दिला तर उठून या. आमच्याकडची एक मुलगी तशीच बसून राहिली होती, आणि तिच्या टाळूची आग चार दिवस उतरली नव्हती.

पुढचं काही दिसलं तर लेप, तेल, व्हिनेगर सगळं बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडणं. टाळू लाल, सुजलेली, पू किंवा ओल असलेली. चांदीसारखे जाड पापुद्रे. लहान मुलाच्या डोक्यात खाज आणि केस तुटलेले ठिपके, कारण तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला पोटातून औषध लागतं. रोज पन्नास ते शंभर केस गळणं सामान्य आहे, आणि कुरळ्या केसांत ते अडकून राहून न्हाण्याच्या दिवशी एकदम निघतात, त्यामुळे त्या एका पुंजक्याने घाबरू नका. पण भांग रुंदावत असेल, उशीवर-जेवणाच्या ताटात केस दिसत असतील, किंवा गळण्यासोबत थकवा, वजनात बदल, पाळीत बिघाड असेल तर रक्त तपासायला हवं. लोह आणि थायरॉइड जवसाने भरून निघत नाहीत. डेंगी, टायफॉइडसारखा मोठा ताप किंवा बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस जातात. ते बहुतेक वेळा परत येतात, तरी एकदा दाखवून घ्या. कपाळाच्या कडेचे केस विरळ होत असतील तर घट्ट वेणी-अंबाडा आजच सोडा, तिथे उशीर केला तर केस परत येत नाहीत.

डॉक्टरकडे जाताना आदल्या दिवशी तेल किंवा लेप लावू नका, टाळू स्पष्ट दिसायला हवी. वही सोबत न्या, आणि वापरता त्या सगळ्या बाटल्या-पुड्यांच्या मागच्या बाजूचे फोटोही.